लट्टलूरपुरवराधीश्वर : राष्ट्रकूटांचा उदय आणि राज्य

राष्ट्रकूट घराण्याच्या लेखांत 'लट्टलूरपुरवराधीश्वर' असे एक बिरुद येते. लट्टलूर या श्रेष्ठ नगरीचा स्वामी, असा त्याचा अर्थ. हे लट्टलूर म्हणजे मांजरा खोऱ्यालगतचे आजचे लातूर. इ.स. ७५३ ते ९७३ अशी सव्वादोनशे वर्षे या घराण्याने दख्खनवर राज्य केले. त्यांच्या फौजा उत्तरेत कनौजपर्यंत आणि दक्षिणेत तंजावरच्या चोळांच्या मुलखापर्यंत गेल्या. एवढ्या काळात लातूर मात्र एकदाही त्यांची राजधानी झाले नाही. राजधानी होती मान्यखेट, म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यात कागिणा नदीकाठचे मालखेड. मग बिरुदात लातूर का, या प्रश्नापाशी या घराण्याच्या इतिहासाची पहिली गाठ आहे, आणि ती सोडवायला लातूर-नांदेडच्या पठाराकडेच यावे लागते.

मध्ययुगीन दख्खनच्या लेखांत अशी 'पुरवराधीश्वर' बिरुदे बरीच भेटतात. शिलाहार कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करीत, पण स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवीत. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेर. देवगिरीचे यादव आपले मूळ थेट द्वारावतीला नेत. ही बिरुदे राज्याची हद्द सांगत नाहीत, मूळ गाव सांगतात. पोटापाण्यासाठी चार पिढ्या परमुलखात काढलेला माणूसही आडनावात गावाचे नाव सांभाळतो, त्यातलाच हा प्रकार. तेर आणि लातूर ही दोन गावे शेजारच्या जिल्ह्यांतली, बालाघाटच्या एकाच पठारावरची. दख्खनच्या दोन मोठ्या राजघराण्यांनी आपले कूळ याच टापूत शोधावे, ही गोष्ट सहज सोडून देण्यासारखी नाही.

बिरुदाचे सर्वांत महत्त्वाचे पुरावे अमोघवर्ष राजाच्या काळातले आहेत. निलगुंद आणि सिरूर येथील कानडी शिलालेखांत ते येते, आणि दोन्ही लेख शके ७८८, म्हणजे इ.स. ८६६ मधले आहेत. यातले सिरूर धारवाडकडचे. लातूरच्या पूर्वेला असलेले शिरूर अनंतपाळ ते नव्हे. नावांच्या सारखेपणामुळे घोटाळा होऊ शकतो म्हणून हे सांगणे आवश्यक आहे, पण हा सारखेपणाही बोलका आहे. कानडीत 'ऊर' म्हणजे गाव. लातूर, चाकूर, शिरूर ही एका ओळीतली गावे तो शेवट अजून बाळगून आहेत. आज इथल्या घराघरांत मराठी बोलली जाते. पण गावांची नावे ठेवली गेली तेव्हा इथे कोणती बोली कानावर पडत असेल, याचा माग या प्रत्ययातून लागतो.

शिरूरच्या नावातल्या 'अनंतपाळ' या दुसऱ्या भागावरूनही तर्क करण्याचा मोह होतो. राष्ट्रकूटांनंतर आलेल्या कल्याणीच्या चालुक्यांच्या पदरी, सहाव्या विक्रमादित्याच्या काळात, अनंतपाल नावाचा एक बलाढ्य दंडनायक होता. तरीही निव्वळ नामसाम्यावरून नाते जोडलेले बरे नाही. लट्टलूरच्या बाबतीत अशीच एक चूक एकदा होऊन गेली आहे. राष्ट्रकूटांचे लेख वाचणाऱ्या फ्लीट या मातब्बर संशोधकाने सुरुवातीला लट्टलूर म्हणजे मध्य भारतातील बिलासपूरकडचे रतनपूर असावे, असे सुचवले होते. पुढे मत लातूरकडे वळले आणि तिथेच स्थिरावले. लातूरच्या स्थानिक परंपरेत याच गावाला रत्नापूर म्हणतात आणि सिद्धेश्वर-रत्नेश्वराच्या देवळात ते नाव आजही नांदते. रत्नपूर शोधायला बिलासपूरला जाण्याचे तसे कारण नव्हते.

'राष्ट्रकूट' हे नाव मुळात कुळाचे नाही, हुद्द्याचे आहे. गावाचा प्रमुख तो ग्रामकूट, राष्ट्र नावाच्या मोठ्या विभागाचा प्रमुख तो राष्ट्रकूट. पाटील, देशमुख, देशपांडे ही वतने जशी पुढे आडनावे झाली, तसे हे पद कुळाचे नाव बनले. त्यामुळे दख्खनमध्ये राष्ट्रकूट म्हणवणारी घराणी एकाहून अधिक आढळतात. साताऱ्याकडच्या माण परिसरात पाचव्या-सहाव्या शतकांत मानांकाचे घराणे होते. त्यातल्या अविधेय राजाच्या ताम्रपटात पांडरंगपल्ली, म्हणजे बहुधा पंढरपूर, येते. विदर्भात अचलपूर भागात नन्नराज युद्धासुराचे घराणे होते आणि त्याचा मुलताईचा ताम्रपट इ.स. ७०९ च्या सुमाराचा आहे. अनंत सदाशिव आळतेकरांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या राष्ट्रकूटांवरील ग्रंथात अशी मांडणी केली की मूळ लातूरचे हे कानडीभाषक कूळ विदर्भात गेले, तिथे काही पिढ्या मांडलिक म्हणून राहिले आणि तिथून त्याचा उदय झाला. मधल्या काही कड्या अनुमानाने जोडलेल्या आहेत. तरी लातूरचे बिरुद, कानडी लेख आणि आरंभीच्या राजांचा उत्तर दख्खनमधला वावर या तिन्ही गोष्टींचा मेळ घालणारी दुसरी मांडणी इतकी सुटसुटीत नाही.

आठव्या शतकाच्या आरंभी दख्खनवर बदामीच्या चालुक्यांची सत्ता होती आणि राष्ट्रकूट त्यांचे मांडलिक होते. या घराण्यातल्या इंद्रराजाने भवनागा नावाची चालुक्य राजकन्या खेटक, म्हणजे गुजरातेतील खेडा, येथून विवाहमंडपातूनच पळवून आणली, असे नंतरच्या संजान ताम्रपटात अभिमानाने नोंदवले आहे. या दोघांचा मुलगा दंतिदुर्ग हा स्वतंत्र राज्याचा संस्थापक.

दंतिदुर्गाची चढण दोन ताम्रपटांच्या अंतरात मोजता येते. वेरूळच्या इ.स. ७४२ च्या ताम्रपटात तो अजून मांडलिकाच्या पदव्या लावतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या सामानगडच्या, इ.स. ७५४ च्या आरंभीच्या ताम्रपटात तो राजाधिराज परमेश्वर झालेला आहे. या बारा वर्षांत त्याने माळवा, लाट म्हणजे दक्षिण गुजरात, आणि कोसलकडे हात मारले, उज्जैनला हिरण्यगर्भ दान केले, आणि ७५३ च्या सुमारास चालुक्य राजा दुसरा कीर्तिवर्मा याचा पराभव केला. कांची, केरळ, चोळ, पांड्य आणि खुद्द हर्षवर्धन यांना हरवणारी कर्णाटकाची सेना त्याने मोजक्या साथीदारांनिशी जिंकली, असे सामानगडचा लेख म्हणतो. प्रशस्तिकाराची अतिशयोक्ती बाजूला काढली तरी त्यामागची रीत ओळखू येते. दंतिदुर्गाने आधी चालुक्य राज्याच्या कडा खाल्ल्या, मग गाभ्याला हात घातला. चालुक्यांची शक्ती पल्लवांशी पिढ्यान्‌पिढ्या लढण्यात खर्च झाली होती आणि उत्तरेची बाजू मांडलिकांवर सोपवलेली होती. ज्याच्यावर राखणदारी सोपवली, त्यानेच वाडा घेतला.

दंतिदुर्ग निपुत्रिक वारला. गादी पुतण्याकडून काकाकडे गेली. हा काका कृष्ण पहिला, कारकीर्द साधारण ७५६ ते ७७४. त्याने चालुक्यांचा उरलासुरला प्रतिकार मोडला, म्हैसूरकडच्या गंगांच्या मुलखात छावणी टाकली आणि आंध्रातल्या वेंगीच्या पूर्व चालुक्यांना नमवले. तरी त्याचे नाव लढायांमुळे कोणाच्या लक्षात राहिलेले नाही. ते राहिले आहे वेरूळच्या कैलासामुळे.

कैलास हे बांधलेले देऊळ नाही, कोरलेले आहे. डोंगराच्या उतारात तीन बाजूंनी खोल चर खणून मध्ये खडकाचा एक प्रचंड ठोकळा मोकळा केला आणि तो वरून खाली कोरत आणला. शिखर आधी, पाया शेवटी. उंची सुमारे ३० मीटर. वीट-दगडाच्या बांधकामात चूक झाली तर दगड बदलता येतो. इथे घण एकदा चुकला की चुकला. त्यामुळे संपूर्ण वास्तू पहिल्या दिवशीच कोणाच्या तरी डोक्यात पूर्ण उभी असली पाहिजे. तिचा आराखडा पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिराशी जुळतो, आणि ते देऊळ चालुक्य राणी लोकमहादेवीने बांधवलेले. हरलेल्याच्या राज्याबरोबर त्याचे कारागीर आणि त्यांची विद्याही जेत्याकडे आली. बडोद्याला मिळालेल्या, इ.स. ८१२-१३ च्या कर्कराजाच्या ताम्रपटात या देवळाचे वर्णन आहे. विमानातून जाणारे देव ते पाहून थक्क झाले आणि हे आपण केले तरी कसे, असे खुद्द शिल्पकारालाही वाटले, असा त्याचा आशय. शिल्पकाराच्या मनात डोकावणारी अशी प्रशस्ती विरळाच.

मराठी परंपरेने ही आठवण वेगळ्या रूपात जपली. 'कथाकल्पतरू' या जुन्या मराठी ग्रंथातील कथेप्रमाणे राजाचे दुखणे बरे व्हावे म्हणून राणी माणिकावतीने नवस केला की देवळाचे शिखर पाहिल्याशिवाय अन्न घेणार नाही. सगळे कारागीर हात टेकून बसले असता पैठणच्या कोकसाने शिखरच आधी कोरले आणि राणीचा उपास सुटला. कथेतला राजा ऐतिहासिक नसला, तरी देऊळ वरून खाली कोरले गेले ही तांत्रिक माहिती लोककथेने किती चोख सांभाळली, ते पाहण्यासारखे आहे.

कृष्णानंतर दुसरा गोविंद आला. धाकट्या भावाने, ध्रुवाने, त्याला दूर सारून सुमारे ७८० मध्ये राज्य घेतले. भाऊबंदकी या घराण्याच्या पाचवीलाच पुजलेली होती. तिसरा गोविंद गादीवर बसला तेव्हा त्याचा मोठा भाऊ स्तंभ बारा राजांची जूट घेऊन उठला, आणि अमोघवर्षाच्या बालपणी तर सारे राज्यच हातचे जायची वेळ आली होती. तरीही ध्रुव आणि तिसरा गोविंद (७९३ ते ८१४) या बापलेकांच्या काळात राष्ट्रकूट सत्ता भारतात सर्वांत प्रबळ होती. कनौजवरून राजस्थान-माळव्याचे गुर्जर-प्रतिहार आणि बंगालचे पाल यांच्यात झगडा चालला होता. ध्रुवाने त्यात उतरून वत्सराज प्रतिहाराला वाळवंटाकडे पिटाळले आणि धर्मपालाला हरवले. गंगा-यमुनेची चिन्हे त्याने राजचिन्हांत घेतली. गोविंदाने दुसऱ्या नागभटाला हरवले, आणि धर्मपाल व त्याने कनौजला बसवलेला चक्रायुध हे दोघेही त्याला शरण आले.

या मोहिमांनी हाताला मुलूख मात्र लागला नाही. दोन्ही वेळा फौज दख्खनला परतली आणि उत्तरेत राष्ट्रकूटांचे ठाणे राहिले नाही. नर्मदेपलीकडचे राज्य सांभाळण्याइतकी लांब पोहोच त्यांच्या कारभाराला नव्हती आणि तो त्यांचा हेतूही दिसत नाही. लूट, खंडणी, बिरुदे आणि शेजाऱ्यांना बसलेला धाक हीच कमाई. पुढे हजार वर्षांनी दख्खनमधूनच निघालेल्या मराठी फौजा दिल्लीला जाऊन चौथाई घेऊन परतत, ती चाल यापेक्षा फार निराळी नव्हती.

राजधानीबाबत या काळात एक छोटे कोडे आहे. तिसऱ्या गोविंदाचे काही ताम्रपट मयूरखंडी येथून दिलेले आहेत. ही मयूरखंडी म्हणजे नाशिक जिल्ह्यातला मोरखंड किल्ला, असे एक मत. बसवकल्याणजवळचे मोरखंडी गाव, हे दुसरे. दुसरे मत खरे मानले तर राज्याचे मध्य त्या वेळी लातूर जिल्ह्यातल्या शिरूर-निलंग्याच्या दक्षिणेला थोड्या अंतरावर होते आणि पुढची मान्यखेटची निवड त्याच दिशेने आणखी एक पाऊल ठरते. मान्यखेटला राजधानी नेली अमोघवर्षाने. इंद्राच्या नगरीचा गर्व उतरवणारे शहर त्याने वसवले, असे नंतरचे ताम्रपट म्हणतात. उत्तरेची हौस संपून घराण्याचे तोंड कृष्णा-तुंगभद्रेकडे वळल्याची ही खूण.

अमोघवर्ष हा या घराण्यातला सर्वांत वेगळा माणूस. गोविंदाच्या मोहिमेत, गुजरातेतल्या छावणीवर त्याचा जन्म झाला. चौदा-पंधराव्या वर्षी, इ.स. ८१४ मध्ये तो राजा झाला, आणि लगेच मांडलिकांनी बंड केले. घराण्याच्या गुजरात शाखेतल्या कर्काने त्याला पुन्हा गादीवर बसवले. त्यानंतर त्याने ८७८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ चौसष्ट वर्षे राज्य केले. वेंगी, गंगवाडी, गुजरात या आघाड्यांवर लढाया चालू राहिल्या, पण त्या बहुतेक सेनापतींनी लढल्या. राजाचे मन दुसरीकडे होते. आदिपुराण लिहिणारा जिनसेन त्याचा गुरू. त्याच्याच आश्रयाने महावीराचार्याने 'गणितसारसंग्रह' रचला आणि शाकटायनाने आपल्या व्याकरणावरील टीकेला राजाचेच नाव देऊन ती 'अमोघवृत्ती' केली. 'कविराजमार्ग' हा उपलब्ध असलेला सर्वांत जुना कानडी ग्रंथही याच दरबारातला. काव्यशास्त्राच्या या ग्रंथात कानडी मुलखाची सीमा कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितली आहे.

गोदावरीपर्यंत म्हटले की लातूर, शिरूर, कंधार, नांदेडचा दक्षिण काठ हे सगळे त्या सीमेच्या आत येते. या वाक्यावरून दोन्ही भाषांच्या अभिमान्यांनी बरीच शाई सांडली आहे. वस्तुस्थिती अशी की दरबारी ताम्रपट संस्कृतात, दक्षिणेकडचे शिलालेख कानडीत, जैन पंडितांचे ग्रंथ संस्कृत, प्राकृत आणि अपभ्रंशात, आणि उत्तरेकडच्या गावांतून पुढे मराठी म्हणून ओळखली गेलेली बोली आकार घेत असलेली, अशी या राज्याची भाषिक घडण होती. राज्याला एकच भाषा असावी, ही कल्पना त्या काळाची नाही. मांजरेच्या काठी दोन्ही भाषा एकमेकींत मिसळत होत्या आणि उदगीर-निलंग्याच्या पुढे सीमेकडे गेले की ते आजही ऐकू येते.

अमोघवर्ष जैन मताकडे झुकला होता, तरी इ.स. ८७१ चा संजान ताम्रपट त्याच्याबद्दल एक विलक्षण गोष्ट सांगतो. प्रजेवर संकट आले असता ते टळावे म्हणून त्याने आपल्या डाव्या हाताचे बोट कापून महालक्ष्मीला अर्पण केले. ही महालक्ष्मी कोल्हापूरची, असे अभ्यासकांचे मत आहे. जिनसेनाचा शिष्य देवीला बोट वाहतो, यात विसंगती शोधणे हा आजचा चष्मा झाला. कैलास कोरवणाऱ्या घराण्याच्या काळातच वेरूळची जैन लेणी कोरली गेली, आणि कान्हेरीच्या बौद्ध लेण्यात गौड देशाहून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने इ.स. ८५३ च्या सुमारास १०० द्रम्म ठेव म्हणून दिले. त्या लेखातही अमोघवर्षाचे राज्य चालू असल्याची नोंद आहे.

अरब प्रवाशांनी या राजांना 'बल्हरा' म्हटले. 'वल्लभराज' या पदवीचा तो अपभ्रंश. इ.स. ८५१ च्या सुलेमान व्यापाऱ्याच्या वृत्तांतात बगदादचा खलिफा, चीनचा सम्राट आणि रूमचा बादशहा यांच्या जोडीला जगातला चौथा थोर राजा म्हणून बल्हराची गणना आहे. ही स्तुती व्यापाऱ्याच्या तोंडची आहे हे विसरू नये. प्रतिहारांशी अरबांचे हाडवैर होते, राष्ट्रकूटांशी नव्हते, आणि कोकणच्या बंदरांत त्यांचा माल सुखरूप उतरत होता. अल-मसूदी इ.स. ९१६ मध्ये चौलला आला तेव्हा तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते, असे तो लिहितो. त्याहून बोलका पुरावा पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला मिळालेल्या इ.स. ९२६ च्या ताम्रपटात आहे. तिसऱ्या इंद्राच्या काळात संजानच्या मंडलाचा कारभार मधुमती सुगतिप याच्याकडे होता. मधुमती हे मुहंमद या नावाचे संस्कृत रूप. या अधिकाऱ्याच्या संमतीने भगवतीच्या मठाला जमीन दिल्याची नोंद त्या पटात आहे. हिंदू राजा, मुसलमान प्रांताधिकारी आणि देवीच्या मठाचे दान, हे तिन्ही एका तांब्याच्या पत्र्यावर आहेत.

या राज्याची बहुतेक माहिती अशा ताम्रपटांतूनच येते, तेव्हा त्यांची घडण थोडी समजून घेतली पाहिजे. साधारणपणे तीन पत्रे, एका कडीत ओवलेले, कडीवर गरुडाची मुद्रा. आरंभी राजवंशाची लांबलचक स्तुती, मग दान दिलेल्या गावाचे नाव, चारी दिशांच्या सीमा, दान घेणाऱ्याचे गोत्र, करमाफीचा तपशील, आणि शेवटी हे दान मोडणाऱ्याला शाप. स्तुतीचा भाग कवीचा, सीमांचा भाग कारकुनाचा. इतिहासाला दुसरा भाग अधिक उपयोगी पडतो, कारण गावाचे नाव आणि शीव सांगताना कोणी अलंकार वापरत नाही. राज्य राष्ट्र, विषय आणि भुक्ती अशा विभागांत वाटलेले होते. गावाचा कारभार ग्रामकूट आणि महत्तर म्हणजे गावचे वडीलधारे पाहत. विभागांच्या नावांपुढे आकडे लावायची पद्धत होती : वनवासी १२०००, कुंडी ३०००, बेळवोल ३००. हे आकडे गावांचे की महसुलाचे, यावर बरीच चर्चा झाली आहे. लहान आकडे गावांचे मानायला हरकत नाही, मोठे मात्र रूढ संज्ञा झालेले दिसतात. राज्याचा बराच भाग मांडलिकांच्या हाती होता. गावे दान दिली की त्यांचा महसूल तुटे, आणि मांडलिकाला प्रांत दिला की फौजही त्याच्याच हुकमतीत जाई. उभारणीच्या काळात सोयीची असलेली ही रचना उतरणीच्या काळात घातक ठरली.

दुसऱ्या कृष्णाची पस्तीस-छत्तीस वर्षांची कारकीर्द वेंगीच्या आणि चोळांच्या लढायांत गेली आणि त्यातल्या बऱ्याच अंगाशी आल्या. मुलगा जगत्तुंग आधीच वारल्याने नातू इंद्र तिसरा ९१४ मध्ये राजा झाला. त्याचा पट्टबंध, म्हणजे राज्याभिषेक, कुरुंदक येथे, कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळच्या कुरुंदवाडला झाला. त्या प्रसंगाचा ताम्रपट 'नलचंपू'कार त्रिविक्रमभट्टाने रचला. इंद्राने दोन वर्षांतच कनौजवर चालून जाऊन ते शहर उद्ध्वस्त केले. प्रतिहार सत्ता त्या घावातून पुन्हा पूर्वीसारखी उभी राहिली नाही. इंद्राचा काळ अल्प ठरला आणि त्याच्यानंतर दोन-तीन दुबळ्या राजांत दहा-बारा वर्षे गेली.

इ.स. ९३९ मध्ये तिसरा कृष्ण आला आणि घराण्याने शेवटचे मोठे उड्डाण केले. ९४९ मध्ये तक्कोलमच्या लढाईत त्याने चोळांचा पराभव केला. चोळ युवराज राजादित्य हत्तीवरच मारला गेला. त्याला मारणारा गंग राजा बूतुग हा कृष्णाचा मेहुणा. या लढाईची हकिगत मंड्याकडच्या आतकूर येथील शिळेवर कोरलेली आहे आणि त्याच शिळेवर काळी नावाच्या एका शिकारी कुत्र्याचे स्मारकही आहे. रानडुकराशी झुंजताना दोघेही मेले, म्हणून धन्याने ते कोरवले. साम्राज्यांच्या लढाईशेजारी कुत्र्याची आठवण असणारी अशी शिळा दुसरी सापडणे कठीण. इ.स. ९५९ चा कऱ्हाडचा ताम्रपट कृष्णाने थेट तमिळ देशातल्या मेलपाटीच्या छावणीतून दिला. तिथे तो जिंकलेला मुलूख आपल्या माणसांना वाटत होता. त्याच वेळी मान्यखेटमध्ये पुष्पदंत हा अपभ्रंश कवी भरत मंत्र्याच्या आश्रयाने 'महापुराण' रचत होता आणि पोन्न कानडी व संस्कृत दोन्हींत लिहून 'उभयकविचक्रवर्ती' म्हणवला जात होता.

लातूर-नांदेडच्या टापूत या कृष्णाची आठवण कंधारात आहे. कृष्ण या नावाची कन्नर, कंधार अशी देशी रूपे लेखांत येतात, आणि मन्याड नदीकाठच्या या गावाचे नाव त्याच्याशी जोडले जाते. राष्ट्रकूट वंशाच्या काही मांडलिकांनी पुढे 'कंधारपुरवराधीश्वर' असेही बिरुद लावले. म्हणजे मूळ गावाच्या मानात लातूरशेजारी कंधारचाही पाट मांडला गेला. कंधारचा भुईकोट आज दिसतो तो बहुतांशी पुढच्या सुलतानी सत्तांनी बांधलेला आहे, पण किल्ल्याची सुरुवात राष्ट्रकूटांकडे नेली जाते. गावालगतचा मोठा तलाव लोक आजही 'जगत्तुंग समुद्र' या नावाने ओळखतात. जगत्तुंग हे तिसऱ्या गोविंदाचे बिरुद, आणि घराण्यात पुढेही ते नाव फिरले. इथे सापडलेले क्षेत्रपालाच्या मूर्तीचे अवशेष इतके अवाढव्य आहेत की नुसत्या पावलावरून पूर्ण मूर्तीच्या उंचीचा अंदाज करताना पाहणारा चक्रावतो. राजधानी नसलेल्या गावात अशी मूर्ती आणि असा तलाव उभा राहतो, यावरून त्या गावाचे राजघराण्याशी किती जवळचे नाते होते ते कळते. बालाघाटच्या पठारावर पावसाचे पाणी थांबत नाही, नद्या उन्हाळ्यात आटतात. इथे राजाने केलेले सर्वांत उपयोगी काम तलाव हेच असणार.

कृष्ण ९६७ मध्ये वारला आणि सहा वर्षांत सगळे संपले. त्याने दक्षिणेत मुलूख जिंकताना उत्तरेच्या मांडलिकांकडे दुर्लक्ष केले होते. माळव्याचा परमार सीयक त्यांच्यातलाच. ९७२ मध्ये, कृष्णानंतर आलेला खोट्टिग गादीवर असताना, सीयकाने मान्यखेट लुटले. धारेच्या धनपाल कवीने आपला प्राकृत कोश त्याच वर्षी बहिणीसाठी रचला, आणि रचनेचा काळ सांगताना मान्यखेटच्या लुटीचाच दाखला दिला. एका शहराला जी आपत्ती, ती दुसऱ्या शहराला कालगणनेची खूण झाली. खोट्टिगानंतर आलेला दुसरा कर्क वर्षभर टिकला. विजापूरकडच्या तर्दवाडी १००० या प्रांताचा अधिकारी तैलप याने ९७३ मध्ये त्याला उखडले. हा प्रांत तैलपाला खुद्द तिसऱ्या कृष्णाने जहागिरीदाखल दिला होता. तैलप स्वतःला बदामीच्या चालुक्यांचा वंशज म्हणवी आणि त्याची बायको राष्ट्रकूट कुळातली होती. दंतिदुर्गाने चालुक्यांशी जे केले होते तेच आणि त्याच रीतीने चालुक्यांनी परत केले. आईकडून चालुक्य असलेल्या राष्ट्रकूटाने सुरू केलेले राज्य राष्ट्रकूटांच्या चालुक्य जावयाने संपवले. गंग राजा मारसिंहाने कृष्णाचा नातू चौथा इंद्र याला गादीवर बसवायची खटपट केली, ती फसली. मारसिंहाने बंकापूरला आणि इंद्राने इ.स. ९८२ मध्ये श्रवणबेळगोळला सल्लेखना, म्हणजे जैन रीतीचे आमरण उपोषण, घेऊन देह ठेवला.

तैलपाच्या वंशजांनी पुढे राजधानी कल्याणीला आणली. ती आजच्या बसवकल्याणला, शिरूर-निलंग्याच्या दक्षिणेला थोड्याच अंतरावर. त्यामुळे या टापूत आज दिसणारी जुनी देवळे बहुतेक चालुक्य काळातली आहेत आणि राष्ट्रकूटांचे बांधकाम त्यांच्याखाली दबले आहे. लातूरच्या पापविनाशक मंदिरातला चालुक्यकालीन शिलालेख या गावाची विद्वानांची वस्ती म्हणून ओळख करून देतो. म्हणजे ज्या घराण्याने लट्टलूरचे नाव मिरवले ते गेल्यावरही गाव नांदते होते.

बिरुदही घराण्याबरोबर संपले नाही. राष्ट्रकूटांशी नाते सांगणारे रट्ट घराणे बेळगाव जिल्ह्यातल्या सौंदत्तीला कुंडी ३००० प्रांतावर राज्य करीत होते. आधी राष्ट्रकूटांचे, मग कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक म्हणून ते टिकून राहिले. त्यांचे मुलूख कृष्णा-घटप्रभेकाठी, देवळे सौंदत्तीला, लेख कानडीत, आणि प्रत्येक मोठ्या लेखात स्वतःची ओळख मात्र लट्टलूरपुरवराधीश्वर अशी. देवगिरीच्या सिंघण यादवाचा सेनापती बीचण याने तेराव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात त्यांचे राज्य यादवांच्या राज्याला जोडले. मान्यखेट लुटले गेल्यापासून तोवर अडीचशेहून अधिक वर्षे लोटली होती.